अखजीच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी

ही गोष्ट १९८८ सालच्या उन्हाळ्यातली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या जानेवारीत कारखान्याने ऑफिसर क्वार्टर्सना पहिल्यांदा रंग काढला आणि रंग वाळायच्या आत चौथ्या क्वार्टरमध्ये कुसुम राहायला आली.

सिल्वासा तेव्हा एका हाकेत मावेल एवढं गाव होतं. राखोलीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना साग, मधूनच एखादा नवा कारखाना आणि पुढे दमणगंगेचा पूल. करसवलतीमुळे कारखाने येत होते आणि कारखान्यांमागून आम्ही. आमचा कारखाना पॉलिएस्टर धाग्याचा. माझे यजमान हेमंत तिथे वर्क्स मॅनेजर होते. आम्ही पुण्याचे. शेजारी कल्पना राहायची, मुंबईची, तिचे यजमान मेंटेनन्सचे इंजिनियर. तिसऱ्या घरात मधुरा, नाशिकची, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, नवरा शंतनु प्रयोगशाळेत. मागे कामगारांच्या लाइनीत खानदेशातली पुष्कळ कुटुंबं होती, पण त्यांच्याशी आमचं बोलणं भांडी, कपडे आणि दूध एवढ्यापुरतंच.

आम्हा तिघींचा बुधवारचा चहा असे. बुधवारी कारखान्याला विजेची साप्ताहिक सुट्टी. यंत्रांची घरघर थांबायची, पुरुष दुरुस्तीच्या कामांत अडकलेले, आणि दुपारी चार वाजता एकमेकींचं बोलणं नीट ऐकू यायचं. पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचो. माझ्याकडे कांदाभजी आणि आल्याचा चहा, कल्पनाकडे काकडीचं सँडविच आणि नानकटाई, मधुराकडे काहीतरी फसलेलं. त्या दुपारांइतकं निवांत हसणं पुढे मला कुठे मिळालं नाही, पुण्यातही नाही. पुढचं सगळं माहीत असूनही हे मी आजही म्हणेन.

कुसुमचा नवरा भास्कर आधी फिटर होता. डोक्याने तल्लख. परदेशातून आलेलं एक यंत्र, इंजिनियर पुस्तकं चाळत बसले होते तोवर, त्याने उघडून पुन्हा जोडलं होतं. ह्यांनीच त्याला शिफ्ट इनचार्ज केलं आणि क्वार्टर दिलं. मागच्या लाइनीतून आमच्या ओळीत यायला कुसुमला शंभरएक पावलं चालावी लागली असतील, पण सामान आणायला तिने दोन दिवस घेतले. प्रत्येक डबा पुसून, डोक्यावर पदर घेऊन, एकेक करून आणत होती. आम्ही कल्पनाच्या खिडकीतून बघत होतो.

महिन्याभरात कल्पनाने शोधून काढलं की भास्करचे वडील शिरपूरकडच्या एका खेड्यात चपला शिवायचे. आम्ही जात मानत नव्हतो. निदान एकमेकींना तसं सांगायचो. पण कुसुम पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आली तेव्हा मी तिला कान तुटलेला कप दिला आणि ती गेल्यावर भिमाबाईला तो मागच्या ओट्यावर वेगळा ठेवायला सांगितला. भिमाबाई माझ्याकडे भांडी घासायची. तिने काही विचारलं नाही. पुढे दर वेळी कुसुमला तोच कप. कल्पनाच्या घरीही तिचा एक काचेचा ग्लास ठरून गेला. आम्ही एकमेकींना वहिनी म्हणायचो. तिला कुसुमबाई.

कुसुम आमच्यात यायची ती चहासाठी नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तिला जीपमधली जागा हवी होती.

आमची मुलं वापीच्या इंग्रजी शाळेत जायची. माझी अदिती, कल्पनाचा अद्वैत आणि पलीकडच्या गुजराती मॅनेजरांची दोघं. कारखान्याची जीप सकाळी सातला न्यायची आणि दुपारी आणायची. कुसुमची सोनी नऊ वर्षांची, एकुलती एक. भास्करने चार खेपा घालून तिला त्याच शाळेत प्रवेश मिळवला होता. जूनपासून जायचं होतं. एस.टी.ची वेळ जमत नव्हती, आणि जमली असती तरी एवढ्या लांब एवढी पोर एकटी कशी जाणार. भास्करने ह्यांना विचारलं. ह्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, की जीपचं घरातून बघतात. म्हणजे मी. जीपच्या मागच्या दोन बाकांवर सहा मुलं सहज बसत. आमची चारच होती.

कुसुमने मला थेट विचारलं नाही. आधी तिला आम्हाला चहाला बोलवायचं होतं. आपल्या घरी येऊन, आपल्या हातचं खाऊन गेलेल्या बाईपाशी शब्द टाकणं तिला बरं वाटत असावं. एका रविवारी ती माझ्या दारात उभी राहिली.

"बुधवारी माझी पाळी धरा ना, वहिनी. मंगळवारी आमची अखजी आहे. सांजोऱ्या करेल मी. तुम्हाला माहेरासारखं खाऊ घालेल."

अक्षय्यतृतीयेला खानदेशात अखजी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दिवाळीपेक्षा मोठी, ती म्हणाली. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पूर्वजांच्या नावाने घागर भरतात. सांजोऱ्या म्हणजे गूळ-रव्याचं सारण भरून तळलेल्या. सांगता सांगता तिचा चेहरा इतका उजळला होता की मी हो म्हणून गेले.

कल्पनाला सांगितलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. न जाणं बरं दिसलं नसतं, भास्कर ह्यांच्या मर्जीतला होता. पण कुसुमच्या घरचं तोंडात घालणं कल्पनाला जमणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तिथेच बसलेली मधुरा म्हणाली, त्यात काय, खाल्लं तर. कल्पनाने तिच्याकडे असं पाहिलं की ती शेंगांच्या टरफलांशी खेळू लागली.

"जायचं, पण एकादशी सांगायची," कल्पना म्हणाली. "निर्जळी सांगू. पाण्याचीही भानगड नको."

मधुराने विचारलं, बुधवारी एकादशी आहे का.

"तिला काय कळतंय," कल्पना म्हणाली.

कॅलेंडर माझ्या डोक्यावरच लटकत होतं. तिघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. माझ्या सासूबाई होत्या तोवर उपासतापास त्या बघायच्या. त्या गेल्यावर तिथी हा प्रकार माझ्या घरातून गेलाच होता.

बुधवारी चार वाजता आम्ही गेलो. एप्रिलचं ऊन, पत्र्यासारखं तापलेलं. कुसुमने खाटेवर भरतकामाची चादर घातली होती. वापीहून गुलाबाच्या फुलांचे सहा नवे कप आणले होते. एका बशीच्या खाली दुकानाची चिठ्ठी तशीच राहिली होती. कोपऱ्यात आदल्या दिवशीची घागर, तिच्यावर एक आंबा. सोनी इस्त्रीचा फ्रॉक घालून उभी होती. तिने आम्हा तिघींना "गुड आफ्टरनून, आंटी" म्हटलं, तीनदा, प्रत्येकीला वेगळं. तिच्याकडून पाठ करून घेतलेलं असणार. मग ती ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. कल्पनाने हात वर केला.

मी ते कल्पनावर सोडायला हवं होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली, कारण वर्क्स मॅनेजरची बायको मी होते. मीच म्हणाले, की आज आमची एकादशी आहे, निर्जळी, राग मानू नका.

कुसुमच्या हातात सांजोऱ्यांची परात होती. ती वाकली तेव्हा मंगळसूत्राच्या आत तुळशीच्या मण्यांची माळ दिसली. मला ती दिसली, आणि मी तिचा काही अर्थ लावला नाही. कुसुमने घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज?" तिने विचारलं.

"आज," मी म्हणाले.

 ती म्हणाली की तिच्या ध्यानातच राहिलं नाही. परातीवर फडकं टाकलं, चहाचं आधण उतरवलं, आणि "मग मी पण नाही घेत" म्हणून आमच्यासमोर जमिनीवर बसली. सोनीने विचारलं, आई, आज एकादशी कशी. कुसुम म्हणाली, मोठी माणसं सांगतात ना, मग आहे.

चाळीस मिनिटं आम्ही त्या उकाड्यात घोटभर पाण्याशिवाय बसलो.  कल्पनाच्या ओठांवरची लिपस्टिक वाळून भेगा पडल्या होत्या. मधुराचा हात एकदा परातीकडे गेला आणि फडक्याची कड नीट करून परत आला. निघताना कुसुम माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली आणि तिने हळूच जीपचा विषय काढला. मी बघते म्हणाले. घरी येऊन आम्ही तिघींनी माठ रिकामा केला आणि पोट दुखेपर्यंत हसलो. मधुरासुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनी झाकणाचा डबा घेऊन आली. आत सांजोऱ्या.

"आईने सांगितलं, काल एकादशी झाली, आज बारस. पारण्याला घ्या."

पोरीच्या तोंडावर काहीच नव्हतं. डबा भोळेपणाने पाठवला होता की मुद्दाम, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुष्कळ वेळा विचार केला आहे. मी तो भिमाबाईपुढे सरकवला आणि घरी घेऊन जा म्हणाले. भिमाबाईने झाकण काढून वास घेतला, आणि हे कुठल्या निमित्ताने म्हणून विचारलं. मी पारण्याचं सांगितलं.

ती हातातलं भांडं खाली ठेवून हसायला लागली. तीही खानदेशातलीच. "काल एकादस कशी होईल, बाई? परवा तर अखजी झाली. अखजी तीजेची."

मला तरीही कळेना. मग तिने राखेच्या बोटांनी मोजून दाखवलं. तीज, चौथ, पंचमी. तीजेनंतर आठव्या दिवशी एकादशी. हे लाइनीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, ती म्हणाली, आणि कुसुमला तर विचारूच नका. कुसुमचं सगळं घर माळकरी. तिची मोठमाय, म्हणजे आजी, एकादशीला थुंकीही गिळायची नाही. कुसुमच्या गळ्यात सातव्या वर्षी माळ पडली, तेव्हापासून तिची एक एकादशी चुकलेली नाही, सोनीच्या बाळंतपणातही नाही.

भिमाबाई गेल्यावर मी कॅलेंडरखाली जाऊन उभी राहिले. एकादशी पुढच्या बुधवारी होती, सत्तावीस तारखेला. आणि पुढच्या बुधवारची पाळी माझी.

मला लाज वाटली का, तर वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही. दुपारपर्यंत तिचा राग झाला होता. म्हणजे ती बाई चाळीस मिनिटं माझ्यासमोर बसून माझं खोटं बघत होती. सोनीला ठाऊक होतं. भिमाबाईला ठाऊक झालं, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाइनीला. वर्क्स मॅनेजरच्या बायकोला तीज आणि एकादशी यांतला फरक कळत नाही, हे नळावर बायका एकमेकींना सांगतील आणि हसतील, जशा आम्ही हसलो होतो.

मी कल्पनाकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला लाजही वाटली नाही आणि रागही आला नाही. तिला गंमत वाटली.

"मग बुधवारी भजी करा की, वहिनी," ती म्हणाली. "चांगली कांद्याची. बघू तिची एकादशी किती खरी आहे. जागा हवी असेल तर खाईल."

हे ऐकून मी नको म्हणाले नाही. घरी येऊन बेसन किती आहे ते पाहिलं.

सत्तावीस तारखेला कुसुम आली ती धुवट पांढऱ्या पातळात. ओठ सुकलेले होते. तिचा उपास असणार हे उघड होतं, आणि आज साऱ्यांचाच असेल अशा समजुतीने ती आली असावी. गेल्या वेळेसारखं नुसतं बसायचं आणि उठायचं. घरात शिरली तेव्हा कढई चढलेली होती. तळलेल्या कांद्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत गेला होता.

मी चार बशा भरल्या. कल्पना आणि मधुराला दिल्या, एक माझ्यापुढे ठेवली, आणि चौथी कुसुमच्या हातात. शेजारी कान तुटलेला कप. ती म्हणाली, मला आज नको, वहिनी, पोट बरं नाही.

तिने माझं खोटं राखलं होतं. एकादशी आहे असं ती म्हणाली नाही. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

"असं कसं," मी म्हणाले. "आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही आमच्याकडचं खाणार नाही, तर सोनीला आमच्या मुलांबरोबर कशी बसवायची?"

कल्पनाने भजं मोडलं आणि फुंकर घातली. मधुरा म्हणाली, वहिनी, राहू द्या ना. मी तिच्याकडे पाहिलं नाही. कुसुमची नजर बशीवर होती. नंतर नजर भिंतीकडे गेली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि कॅलेंडर तिथून दिसत होतं. तिने ते वाचलं. मी वाचू दिलं.

मग तिने बशी खाली ठेवली. दोन्ही हात मानेमागे नेले, पदराआडून तुळशीची माळ डोक्यावरून काढली, एकदा कपाळाला लावली आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधली. गाठ घट्ट बसेपर्यंत तिने दोनदा ओढून पाहिली. 

"मागल्या बुधवारी तुम्ही माझ्या घरी एकादशी धरली, वहिनी," ती म्हणाली. "आज मी तुमच्या घरी सोडते."

आणि ती खाऊ लागली. एक तुकडा मोडून ठेवून दिला असता तरी चाललं असतं, पण तिने बशीतली सगळी भजी खाल्ली. सावकाश, प्रत्येक भजं नीट चावून, शेवटचा कांद्याचा जळका तुकडासुद्धा बोटाने टिपून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला तिने पदर वापरला नाही, मनगट वापरलं. चहा प्यायली. तुटल्या कानाचा कप स्वतः उचलला, मोरीत विसळला आणि मागच्या ओट्यावर, तो जिथे ठेवत असू तिथेच, पालथा घातला. जागा तिला माहीत होती. पहिल्यापासून माहीत होती.

परत येऊन तिने विचारलं, "सोनीची जागा, वहिनी?"

"जूनमध्ये बघू," मी म्हणाले. "होईल."

होईल म्हणाले. तो शब्द मीच वापरला, कल्पनाने नाही.

ती गेल्यावर मधुरा रडायला लागली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. कल्पना म्हणाली, बघितलंत, खाल्लं की नाही. पण तिच्या आवाजात गेल्या बुधवारची मजा नव्हती. उरलेली भजी कुणी खाल्ली नाहीत.

कुसुम गुमान खाऊन गेली असती, तर मी जागा दिली असती असं मला वाटतं. कदाचित नसतीही दिली. पण ते वाक्य माझ्याच बैठकीत, माझ्याच दोन मैत्रिणींसमोर बोलून वर तिने बशी चाटून पुसून खाल्ली होती, आणि मे महिनाभर पुण्याला माहेरी आंबे खाताना ते वाक्य माझ्या घशात अडकत राहिलं. जूनमध्ये परत आलो. शाळा सोमवारी सुरू होणार होती. शनिवारी ह्यांनी जेवताना विचारलं, भास्करच्या मुलीचं काय ठरवलंस. मी म्हणाले, जीपमध्ये जागा नाही, डबे आणि दप्तरंच मावत नाहीत.

"मग कळवायला हवं त्यांना," हे म्हणाले.

"मी सांगते कुसुमला," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. रविवारी संध्याकाळी कुसुम दोरीवर सोनीचा गणवेश वाळत घालताना दिसली. निळा पिनाफोर, पांढरा शर्ट. तिने लांबून मला हात केला. मीही केला.

सोमवारी सकाळी पावणेसातला सोनी फाटकाशी उभी होती. तेल लावून चोपून घातलेल्या दोन वेण्या, निळ्या रिबिनी, पायात नवे काळे बूट. बूट तिच्या आजोबांनी गावाहून शिवून पाठवले होते, हे मला मागाहून भिमाबाईने सांगितलं. मागे कुसुम, नव्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा हातात धरून. जीप आली. अदिती चढली, अद्वैत चढला, गुजराती मुलं चढली. ड्रायव्हर नथू खाली उतरून मागची फळी धरून उभा राहिला. सोनीने एक पाय फळीवर ठेवला. नथूने माझ्याकडे पाहिलं, कारण तो रोज माझ्याकडेच बघायचा, मी मान हलवली की गाडी सुटायची.

मी मान हलवली, पण आडवी.

नथूने सोनीला दंडाला धरून हळूच खाली घेतलं, फळी लावली आणि गाडी सुरू केली. सोनीने रस्त्यात उभं राहून हात हलवला. तिला वाटलं असावं की जीप वळून परत येणार आहे. कुसुमने मात्र जीपकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात नकळत गळ्याशी गेला, जिथे पूर्वी माळ असायची. मी आत आले. दूध उतू गेलं होतं.

त्यानंतर बुधवारचा चहा दोनदा झाला आणि मग बंद पडला. बंद करू या असं कुणी म्हणालं नाही.

भास्करने कारखान्यात एक शब्द काढला नाही. वर्षभरात तो गलोंड्याच्या एका कारखान्यात गेला, कमी हुद्द्यावर. ते क्वार्टर सोडून गेले तेव्हा कुसुमने सामान एका हातगाडीत एका खेपेत नेलं. भास्कर चार वर्षांपूर्वी वारला असं ऐकलं.

मधुरा आणि शंतनु नाशिकला परतले. पहिली काही वर्षं तिची संक्रांतीला पत्रं यायची, पुढे थांबली. तिच्या शेवटच्या पत्रात एक ओळ होती, की ती आता सगळ्या एकादश्या करते. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

कल्पना दादरला असते. दोन गुडघे बदलले आहेत. अद्वैतच्या मुलाच्या मुंजीत मी कुसुमचा विषय काढला तर म्हणाली, कोण कुसुम? तिला खरंच आठवत नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

नथूने पुढे स्वतःचा टेम्पो घेतला. भिमाबाईने त्याच पावसाळ्यात माझं काम सोडलं, कारण विचारलं तर म्हणाली, हात दुखतात. दुसऱ्या आठवड्यात ती पलीकडे गुजराती मॅनेजरांकडे भांडी घासताना दिसली.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही एकदा जुनं सिल्वासा बघायला गेलो होतो. ओळखू येत नव्हतं. वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो, तिथे जाळीच्या गाडीची वाट बघत बाकावर कुसुम बसली होती, दोन नातवंडांना घेऊन. केस पांढरे झालेले, गळ्यात नुसतं मंगळसूत्र. तिने मला लगेच ओळखलं. ह्यांनी विचारलं, सोनी कशी आहे. ती म्हणाली, गावातल्या शाळेत शिकली, बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली, मग लग्न करून दिलं, ही तिचीच पोरं. आवाजात काही नव्हतं. मग तिने पिशवीतून डबा काढला आणि सांजोरी माझ्यापुढे धरली.

"घ्या, वहिनी," ती म्हणाली. "आज एकादशी नाही."

मी घेतली. मी शेवटचा घास गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सांजोरी फार चांगली झाली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी हे गेले. अदिती इथे जवळच राहते, रविवारी येऊन जाते. मागच्या महिन्यात तिच्याशी बोलता बोलता सिल्वाशाच्या जीपचा विषय निघाला. तिला जीप आठवत होती, नथू आठवत होता, सोनी आठवत नव्हती. म्हणाली, किती आरामात जायचो ना, आई, माझ्या शेजारची जागा तर कायम रिकामीच असायची, मी तिथे दप्तर ठेवायचे.